चाबुकस्वाराचा शब्द : विष्णुपंत छत्रे

माटुंग्याहून डॉ. आंबेडकर मार्गाने परळला गेले की आचार्य दोंदे मार्गावर बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय लागते. हे रुग्णालय १८८० च्या दशकात उभे राहिले. मुंबईचे रस्ते तेव्हा घोड्यांच्या टापांनी दणाणत असत आणि ट्रामलाही घोडेच जुंपले जात. चाबकाखाली राबणाऱ्या मुक्या जनावरांची कणव येऊन शहरातील काही नागरिकांनी १८७४ मध्ये एक संस्था स्थापन केली होती. त्याच संस्थेने हे रुग्णालय चालविले. नेमक्या याच काळात, याच मुंबईत, एका मराठी माणसाने आपला घोडा रिंगणात उतरवून इतिहास घडविला. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे त्यांचे नाव.

विष्णुपंतांचा जन्म १८४० चा, सांगली परिसरातील अंकलखोप गावचा. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते, गाण्याचे आणि घोड्यांचे. त्या वेडापायी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तेथे ख्यालगायकीतील थोर उस्ताद हद्दूखाँ यांच्याकडे ते गायन शिकले, तर बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या. घोडा शिकविणाऱ्याला आपल्याकडे चाबुकस्वार म्हणत. या व्यवसायाच्या नावातच चाबूक आहे, ही बाब विचार करायला लावणारी आहे. दुडकी, चौखूर, मागे सरणे, जागच्या जागी वळणे अशी एकेक चाल घोड्याला शिकविण्याचे हे काम. चाबूक इशाऱ्यापुरता वापरायचा की वळ उठविण्यासाठी, हे ठरविणारा चाबुकस्वार एकटाच असे. पाहायला तेथे दुसरे कोणी नसे.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी राहिले. संस्थानाची पागा त्यांच्या ताब्यात होती. जिसेप्पे किअरिनी याची रॉयल इटालियन सर्कस १८७९ मध्ये मुंबईत आली, तेव्हा कुरुंदवाडच्या अधिपतींसमवेत विष्णुपंतही ती पाहायला गेले. युरोपातील सर्कशीचा पायाच मुळी अश्वविद्येचा. फिलिप अ‍ॅस्टली या इंग्रज घोडेस्वाराने १७६८ मध्ये लंडनमध्ये गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले आणि त्यातून आधुनिक सर्कस जन्मली. एकोणिसाव्या शतकात बोशे, फिलिस यांसारखे नामांकित अश्वशिक्षक सर्कशीच्या रिंगणातच गाजले. आज ऑलिम्पिकमध्ये दिसणारा ड्रेसाज हा क्रीडाप्रकार, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यावर घोड्याने तालबद्ध पावले टाकणे, याच परंपरेशी नाते सांगतो.

किअरिनीने त्या वेळी हिंदुस्थानी लोकांना हिणविले, त्यांना स्वतःची सर्कस उभारणे इतक्यात जमणार नाही असे म्हटले, असे सर्कशीचा इतिहास सांगतो. हजार रुपये आणि एक घोडा अशी पैज लागल्याचीही कथा आहे. विष्णुपंतांनी आव्हान स्वीकारले आणि २० मार्च १८८० रोजी निवडक निमंत्रितांसमोर ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ सादर केला. घोडेस्वारीची कामे त्यांनी स्वतः केली. त्यांच्या पत्नी झुल्यावरची कामे करीत आणि जनावरेही हाताळीत. मराठी कुटुंबातील स्त्रीने त्या काळात तंबूत उभे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हती. शब्दाने दिलेल्या आव्हानाला विष्णुपंतांनी कामाने उत्तर दिले.

सर्कशीने उत्तर हिंदुस्थान, सिलोन आणि आग्नेय आशियापर्यंत दौरे केले. केरळमधील तेलिचेरी येथे विष्णुपंतांची कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी गाठ पडली. त्यांनी पुढे कसरतपटू घडविण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून केरळची मोठी सर्कस परंपरा उभी राहिली. महाराष्ट्रातही म्हैसाळच्या देवलांसारख्या मंडळींनी हा व्यवसाय वाढविला.

विष्णुपंतांच्या स्वभावाची खरी पारख मात्र तंबूबाहेर होते. गुरू हद्दूखाँ यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र रहिमतखाँ व्यसनाच्या आहारी गेले, त्यांचे मानसिक संतुलन ढळले आणि ते हलाखीत भटकू लागले. विष्णुपंतांनी त्यांना आश्रय दिला. सर्कशीच्या मुक्कामी त्यांना सोबत नेले, जपले, गाते ठेवले. ‘भूगंधर्व’ म्हणून गौरविलेला हा स्वर आज ध्वनिमुद्रिकांतून ऐकायला मिळतो, त्यामागे या सांभाळाचा वाटा मोठा आहे. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या जिवाची जबाबदारी घेणे आणि ती अखेरपर्यंत निभावणे, हा उत्तम शिक्षकाचाच गुण होय. विष्णुपंतांचे १९०५ मध्ये इंदूर येथे निधन झाले.

अर्थात, या इतिहासाची दुसरी बाजू झाकणे योग्य ठरणार नाही. सर्कशीच्या व्यवसायात भूक, साखळी आणि चाबूक यांचा वापर जगभर होत आला. केंद्र सरकारने १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबटे, अस्वले व माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घोडा त्या यादीत नव्हता.

सर्कशीचे तंबू ओस पडले, तरी प्रश्न संपलेला नाही. घोड्यांची मोठी खरेदी-विक्री करणाऱ्या डेन्मार्कमधील एका प्रसिद्ध ड्रेसाज तबेल्यातील गैरप्रकार २०२३ मध्ये दूरचित्रवाणीने गुप्त चित्रणाद्वारे उघड केले. ब्रिटनची ऑलिम्पिक सुवर्णविजेती शार्लट डुजार्डिन हिला घोड्याला चाबकाने वारंवार मारतानाच्या चित्रफितीमुळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून माघार घ्यावी लागली आणि नंतर वर्षभराची बंदी झाली. मारून शिकविलेला आणि जखमा लपवून विकलेला घोडा विकत घेणाऱ्याची फसवणूक करतोच, पण परीक्षक आणि प्रेक्षकांचीही करतो. सक्तीने शिकलेल्या घोड्याच्या हालचालीत सौंदर्य नसते, हे ग्रीक लेखक झेनोफोनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता आणि विष्णुपंतांनी जेथे अखेरचा श्वास घेतला त्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. या यशामुळे अनेक मुले-मुली घोडेस्वारीकडे वळतील, पालक शिक्षकांना पैसे मोजतील, घोडे विकत घेतले जातील. पदकांची संख्या सर्वांना दिसते. शिक्षक पहाटे तबेल्यात कसा वागतो, हे मात्र कोणीतरी मुद्दाम जाऊन पाहावे लागते. पालकांनी आणि क्रीडा संघटनांनी ते पाहण्याची सवय लावून घेतली, तर रिंगणात घोडा उभा करून शब्द खरा करणाऱ्या या चाबुकस्वाराचे स्मरण सार्थकी लागेल.