पुस्तकें बांधणारा उमेदवार मायकेल फॅरडे

लंडन शहराजवळ न्यूइंग्टन बट्स ह्या ठिकाणीं ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं एका लोहाराच्या घरीं एक मुलगा जन्मास आला. त्याचें नांव मायकेल असें ठेवण्यांत आलें. बाप जेम्स फॅरडे हा कष्टाळू व देवभीरु मनुष्य होता. परंतु त्याची प्रकृति वारंवार बिघडे, आणि ज्या दिवशीं त्याला भात्याजवळ उभें राहवत नसे, त्या दिवशीं घरांत मजुरी येत नसे. १८०१ सालीं धान्य फार महाग झालें. तेव्हां लहानग्या मायकेलास आठवड्यास एक पाव देण्यांत येई, आणि तोच त्यानें आठवडाभर पुरवावा, अशी घरची स्थिति झाली. शाळेंत तो वाचणें, लिहिणें व थोडासा हिशेब एवढेंच शिकला. आईबाप सॅंडेमनपंथी नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळींत उपासनेस जात. त्या मंडळींत श्रीमंत थोडे होते, पण एकमेकांविषयीं कळवळा पुष्कळ होता.

१८०४ सालीं, तेराव्या वर्षीं, मायकेल ब्लॅंडफर्ड रस्त्यावरील जॉर्ज रीबो ह्या पुस्तकें विकणाऱ्या व बांधणाऱ्या गृहस्थाच्या दुकानांत पोऱ्या म्हणून राहिला. त्या काळीं वर्तमानपत्रें महाग असत. म्हणून पुष्कळ लोक तीं विकत न घेतां भाड्यानें घेऊन वाचीत. मायकेलानें सकाळीं एका घरीं पत्र पोहोंचवावें, मग परत जाऊन तें गोळा करावें, व दुसऱ्या घरीं द्यावें, असें त्याचें काम होतें. रविवारींही हें काम चुकत नसे. त्या दिवशीं तो भल्या पहाटे उठून निघे, म्हणजे काम आटोपून, स्वच्छ होऊन, आईबापांबरोबर उपासनेस वेळेवर जातां येई. मोठा झाल्यावरही रस्त्यांत वर्तमानपत्रें वाटणारा मुलगा दिसला कीं, त्याच्याविषयीं फॅरडेच्या मनांत ममता उत्पन्न होई.

एका वर्षांत धन्याची खात्री पटली. ता. ७ ऑक्टोबर १८०५ रोजीं सात वर्षांच्या उमेदवारीचा करारनामा झाला. धंदा शिकविण्याबद्दल धन्यानें मुलाच्या बापापासून रक्कम घ्यावी, अशी त्या देशांत तेव्हां रीत होती. पण मायकेलानें वर्षभर इमानानें चाकरी केली, म्हणून रीबोनें कांहीं घेतलें नाहीं. गरीब लोहाराच्या घरावर हा केवढा उपकार झाला, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

आतां मायकेल धंदा शिकूं लागला. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालणें, त्या हातोड्यानें ठोकून सपाट करणें, दोऱ्यानें शिवणें, सरस लावणें, कडा कातरणें, कातड्याचा पुठ्ठा चढविणें, व शेवटीं पाठीवर सोनेरी अक्षरें उठविणें, हीं सर्व कामें त्याच्या हातांत बसलीं. परंतु तो एक गोष्ट अधिक करी. बांधावयास आलेलें पुस्तक तो काम संपल्यावर उघडून वाची. एकदां त्याजकडे एका मोठ्या ज्ञानकोशाचा भाग बांधावयास आला. त्यांत विजेवर एक लेख होता. दुसरें पुस्तक जेन मार्सेट नांवाच्या बाईनें रसायनशास्त्रावर सोप्या संवादांच्या रूपानें लिहिलेलें होतें. हीं दोन त्याच्या मनांत फार खोल रुजलीं. पण पुस्तकांत छापलें आहे म्हणून तें खरें, एवढ्यावर तो थांबला नाहीं. पदरच्या थोड्या पैशांतून बाटल्या व इतर किरकोळ सामान आणून त्यानें विजेचें एक लहानसें यंत्र तयार केलें, आणि लिहिलेलें खरें आहे कीं काय, हें स्वतः करून पाहिलें.

येथें धन्याचाही गुण सांगितला पाहिजे. उमेदवार पुस्तकें वाचतो, बाटल्या आणतो, म्हणून रीबो त्याजवर रागावला असता तर कोणीं त्यास नांवें ठेविलीं नसतीं. पण काम नीट होत आहे असें पाहून त्यानें त्या मुलास उत्तेजनच दिलें. त्याच्या घरीं मास्केरिये नांवाचा एक चित्रकार राहत असे. मायकेल त्याची खोली झाडी व जोडे पुशी, आणि त्याच्या मोबदल्यांत तो चित्रकार त्याला रेखाटन शिकवी. जॉन टेटम नांवाचे गृहस्थ आपल्या घरीं संध्याकाळीं शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें देत. दर व्याख्यानास एक शिलिंग पडे. १८१० व १८११ सालीं मायकेल त्यांस जाऊं लागला. तो शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्ट स्वतः लोहारकाम करी. धाकट्या भावाच्या शिकण्यासाठीं त्यानें आपल्या घामाचा पैसा दिला. १८१० च्या ऑक्टोबरांत बाप वारला, तरी तें शिकणें बंद पडलें नाहीं.

व्याख्यानांत जें ऐकावें तें घरीं येऊन सविस्तर लिहावें, आकृति काढाव्या, व शेवटीं सर्व कागद आपल्या हातानें बांधावे, असा मायकेलाचा क्रम होता. अशीं चार पुस्तकें तयार झालीं, तीं त्यानें आपल्या धन्यास अर्पण केलीं. धन्यानें तीं कौतुकानें दुकानांत येणाऱ्या डान्स ह्या घराण्याच्या गृहस्थास दाखविलीं. त्याचें फळ असें झालें कीं, १८१२ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत सर हम्फ्री डेव्ही ह्या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाचीं चार व्याख्यानें ऐकण्यासाठीं मायकेलास चिठ्ठ्या मिळाल्या. तींही त्यानें सविस्तर लिहून, आकृति घालून, बांधून ठेविलीं.

१८१२ च्या ऑक्टोबरांत उमेदवारी संपली, आणि तो द ला रोश नांवाच्या फ्रेंच पुस्तकबांधणाऱ्याकडे पगारी कारागीर म्हणून राहिला. हा धनी मोठा तापट होता. मायकेलास तेथें फार मनस्ताप झाला. तरी त्या धन्याच्या मनांत त्याच्या कामाविषयीं आदर होता. त्याला मूलबाळ नव्हतें. म्हणून, तूं माझ्याजवळ राहिलास तर माझ्यामागें हें सर्व तुझेंच होईल, अशा अर्थाचें वचन त्यानें मायकेलास दिलें.

वाचकहो, ही परीक्षा लहान नव्हती. घरीं विधवा आई होती. एका बाजूस चालतें दुकान व जन्माची भाकर. दुसऱ्या बाजूस विद्येची आवड, पण तिच्यापाशीं ना पगार, ना आश्रय. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस त्यानें नोकरीसाठीं पत्र लिहिलें, तेव्हां उत्तर नाहीं एवढाच निरोप दारवानाकडून मिळाला. तरी धीर न सोडतां डिसेंबर महिन्यांत त्यानें डेव्हीस पत्र लिहिलें, व त्याच्याच व्याख्यानांचें तें तीनशेंहून अधिक पानांचें बांधलेलें पुस्तक सोबत पाठविलें. डेव्हीनें भेट दिली. पण विद्येच्या सेवेंत पैसा थोडा आहे, तूं आपला धंदाच धरून राहा, असा सल्ला दिला, व संस्थेचीं पुस्तकें बांधण्याचें काम देण्याचें कबूल केलें. मायकेल परत जाऊन तापट धन्याचें काम पूर्वीप्रमाणें करूं लागला.

पुढें थोड्याच आठवड्यांत रॉयल इन्स्टिट्यूशनमधील एका नोकरास भांडणामुळें काढून टाकण्यांत आलें. एके रात्रीं मायकेल निजावयाच्या तयारींत असतां दारांत डेव्हीची गाडी उभी राहिली, व गड्यानें चिठ्ठी आणून दिली. ता. १ मार्च १८१३ रोजीं त्याची नेमणूक झाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग, राहावयास माडीवर दोन खोल्या, आणि जळण व मेणबत्त्या. काम होतें उपकरणें धुणें, पुसणें व व्याख्यानाच्या वेळीं हाताशीं उभें राहणें. दुकान मिळण्याची आशा सोडून त्यानें ही चाकरी आनंदानें पत्करली.

ह्याच संस्थेंत त्याचें आयुष्य गेलें. १८२१ सालीं सेरा बर्नार्ड ह्या आपल्याच मंडळींतील मुलीशीं त्याचें लग्न झालें. ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लोखंडाच्या कड्यावर तारेचीं वेटोळीं गुंडाळून केलेल्या प्रयोगानें, चुंबकाच्या शक्तींत बदल झाला म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, हा शोध त्यास लागला. आज जगांतील बहुतेक वीज ह्याच नियमानें उत्पन्न होते. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यास आपल्या देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तिचें मूळ त्या कड्यांत आहे.

एवढा मोठा झाल्यावरही त्याची जुनी विद्या त्यास सोडून गेली नाहीं. प्रयोगांच्या नोंदींस तो अनुक्रमांक घाली, व त्यांचीं पुस्तकें आपल्या हातानें बांधी. मार्सेट बाईचे उपकार स्मरून तो आपले नवे लेख तिला भेट पाठवी. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद देऊं केलें असतां त्यानें तें घेतलें नाहीं. मात्र १८४० सालीं त्याच्या लहानशा मंडळीनें त्यास वडील निवडलें, तेव्हां तें काम त्यानें पत्करलें. तो साध्या लोकांपुढें उपदेश करी व आजाऱ्यांच्या भेटीस जाई. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्पटन कोर्ट येथें तो प्रभूजवळ गेला. त्याच्या इच्छेप्रमाणें प्रेतयात्रा अगदीं साधी झाली.

रीबोच्या दुकानांत आणखीही दोन उमेदवार होते. एक पुढें गवई झाला व दुसरा विनोदी नट. तीच पुस्तकें तिघांच्या हातांखालून गेलीं. म्हणून केवळ चांगली जागा मिळाल्यानें मनुष्य वाढतो असें नाहीं. पण चांगल्या जागेचें महत्त्वही कमी नाहीं; रीबोनें रागानें तें यंत्र फोडून टाकलें असतें, किंवा रॉबर्टानें शिलिंग राखून ठेविला असता, तर पुढील गोष्ट वेगळी झाली असती. ज्यांच्या हाताखालीं कोणी मुलगा काम करीत असेल, त्यांनीं त्याचें काम तर पाहावेंच. परंतु काम संपल्यावर तो काय उघडून वाचतो, हेंही एकदां प्रेमानें विचारावें.