अबेबेचे बूट

मुलांनो, आपल्या घराच्या दारात चपला-बुटांचा ढीग असतो, यात नवल ते काय? पण गेल्या महिन्यात आमच्या मुलीची शाळेतली एक मैत्रीण पहिल्यांदाच आमच्याकडे खेळायला आली आणि बूट घालूनच सरळ आत शिरली. आमच्या मुलीने तिला काही सांगितले नाही. उलट दारात काढलेले आपले बूट तिने गुपचूप पुन्हा पायात चढवले! रात्री आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली की अनवाणी फिरणारे लोक गरीब असतात, असे मैत्रिणीला वाटले असते.

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. रस्त्यावरची घाण घरात नको, एवढे साधे उत्तर होते. पण तिचा प्रश्न स्वच्छतेचा नव्हता, लाज वाटण्याचा होता. म्हणून आम्ही तिला अबेबे बिकिलाची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. त्याच्या खेड्याचे नाव जातो. होय, आपल्या शाळेला जातो, बाजारात जातो यातल्यासारखेच! बिकिला हे मात्र आडनाव नव्हे. तिथे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात. आपणही तसेच करतो, फक्त त्यांच्याकडे त्यापुढे आडनाव नसते.

लहानपणी अबेबे गुरे राखायचा आणि डोंगराळ माळरानावर हुंदडायचा. तरुणपणी तो राजधानी अदिस अबाबाला आला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या रक्षकदलात शिपाई झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही बरेच उंच. अशा विरळ हवेत पळण्याची सवय झालेल्या माणसाला खाली आल्यावर दम कमी लागतो. स्वीडनहून आलेले प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांनी अबेबेमधला धावपटू हेरला. सरावात तो कधी बूट घालून धावे, तर कधी अनवाणी.

मग आले १९६० चे रोम ऑलिंपिक. आपले मिल्खासिंग ४०० मीटरच्या शर्यतीत चौथे आले, तेच हे ऑलिंपिक. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. रोममध्ये मिळालेल्या नव्या बुटांपैकी एकही जोड अबेबेच्या पायाला नीट बसेना. नवे बूट चावले की काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याने बूट बाजूला ठेवले आणि १० सप्टेंबरच्या संध्याकाळी तो अनवाणीच धावायला उभा राहिला.

उन्हाचा त्रास नको म्हणून शर्यत संध्याकाळी ठेवली होती. शेवटच्या टप्प्यात अंधार पडला. आपियन मार्ग या प्राचीन रस्त्यावर सैनिक हातात मशाली धरून उभे होते आणि त्या उजेडात दोनच धावपटू सर्वांच्या पुढे होते, मोरोक्कोचा राडी आणि आपला अबेबे. वाटेत एक उंच दगडी स्तंभ लागत होता. तो मूळचा इथिओपियातील अक्सुम गावचा. इटलीने इथिओपिया जिंकून घेतल्यावर १९३७ मध्ये तो रोमला नेला होता. अबेबे आणि निस्कानेन यांनी ती जागा आधीच हेरून ठेवली होती. तिथे अबेबेने वेग वाढवला आणि राडीला २५ सेकंदांनी मागे टाकले. वेळ होती २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद. तोपर्यंत जगात कोणीही मॅरेथॉन इतक्या वेगाने पळाले नव्हते. (तो स्तंभ २००५ मध्ये इथिओपियाला परत मिळाला.)

आमच्या मुलीला वाटले की गोष्ट इथे संपली, अनवाणी माणूस जिंकला. पण गोष्ट पुढेच आहे.

चार वर्षांनी टोकियो ऑलिंपिक आले. शर्यतीच्या जेमतेम पाच-सहा आठवडे आधी अबेबेच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. तरीही २१ ऑक्टोबर १९६४ रोजी तो धावला, आणि या वेळी त्याच्या पायात मोजे होते आणि बूटही! २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत तो पहिला आला. दुसरा आलेला ब्रिटनचा बेसिल हीटली चार मिनिटांहून अधिक मागे होता. अबेबे मात्र शर्यत संपल्यावर मैदानावरच व्यायाम करू लागला. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

आम्ही पडलो इंजिनियर, म्हणून हिशेब करून पाहिला. रोमला त्याला एका किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १२ सेकंद लागले, टोकियोला ३ मिनिटे ८ सेकंद. मग बूटच बरे, असे म्हणायचे का? नाही. रस्ता वेगळा, हवा वेगळी, चार वर्षांचा अनुभव वेगळा. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या बुटांना देता येत नाही. अनवाणी पायांचेही तसेच आहे. २०१९ मध्ये केनियात झालेल्या एका अभ्यासात दिसले की, नेहमी अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांची कातडी जाड होते, पण त्यांना जमीन इतरांइतकीच जाणवते. हे सवयीने होते. म्हणून उद्याच फुटपाथवर अनवाणी पळायला जाऊ नका, काचा आणि थंडी दोन्ही बाधतील!

१९६८ मध्ये मेक्सिकोला पायाच्या दुखापतीमुळे अबेबेला सुमारे १७ किलोमीटरनंतर शर्यत सोडावी लागली. ती त्याचाच देशबांधव मामो वोल्डे याने जिंकली. पुढच्या वर्षी, मार्च १९६९ मध्ये, अबेबेच्या मोटारीला अपघात झाला आणि ते जगप्रसिद्ध पाय कायमचे लुळे पडले. उपचारांसाठी त्याला इथे इंग्लंडातच, स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात आणले. पॅरालिंपिकचा जन्म जिथल्या स्पर्धांतून झाला, तेच हे ठिकाण. १९७० मध्ये तिथल्या स्पर्धांत चाकांच्या खुर्चीत बसून तो धनुर्विद्या आणि टेबल टेनिस खेळला. १९७१ मध्ये नॉर्वेत कुत्र्यांच्या बर्फगाडीची २५ किलोमीटरची शर्यतही त्याने जिंकली. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, अवघ्या ४१ व्या वर्षी, तो वारला.

रोमच्या विजयाला ५० वर्षे झाली, तेव्हा २०१० च्या रोम मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचाच सिराज गेना पहिला होता. शेवटचे ३०० मीटर उरले असताना त्याने बूट काढले आणि अबेबेच्या आठवणीसाठी तो अनवाणी धावत गेला.

गोष्ट ऐकून आमची मुलगी बराच वेळ विचार करत होती. अबेबेने बूट काढले ते पायाला बसेनात म्हणून, आणि घातले तेही स्वतःला योग्य वाटले म्हणून. लोक काय म्हणतील, हा हिशेब त्यात कुठेच नव्हता. आणि पायच गेले तेव्हाही अबेबे अबेबेच राहिला.

मागच्या शनिवारी ती मैत्रीण पुन्हा आली. आमच्या मुलीने दारातच तिला बूट कुठे ठेवायचे ते दाखवले. तिने ते लगेच काढले आणि दोघी वर पळाल्या. एवढीशी गोष्ट, पण आम्हाला फार बरे वाटले.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. या आठवड्यात आजी-आजोबांना फोन कराल, तेव्हा ते शाळेत काय घालून जात असत ते विचारा. अनवाणी जात असतील, तर उन्हाळ्यात पाय कसे भाजायचे आणि काटा रुतला तर तो कसा काढायचे, तेही विचारा. ऐकाल ते पाच ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा.