शेठ वालचंद हिराचंद : नीराकाठी नाव कोरलेले उद्योगमहर्षी

नीरा डाव्या कालव्याच्या काठाने सोमेश्वरनगरहून पूर्वेकडे निघाले आणि बारामती मागे टाकून इंदापूर तालुक्यात प्रवेश केला, की कळंबच्या शेजारी वालचंदनगर लागते. साखरेचे गाव, यंत्रांचे गाव म्हणून ते या परिसरात सर्वपरिचित आहे. परंतु ज्यांचे नाव या गावाने धारण केले, त्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे जीवन नव्या पिढीला पुरेसे ज्ञात नाही. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही आधुनिक उद्योगांचा पाया भारतात घालण्याचा मान त्यांच्याकडे जातो. त्यांपैकी दोन उद्योग आपल्या हयातीतच दुसऱ्यांच्या हाती जाताना त्यांनी पाहिले. म्हणूनच हे चरित्र केवळ यशाची गाथा नाही. उद्योजकाच्या जमाखर्चाचा ताळा कोणत्या खात्यावर मांडावा, असा प्रश्न ते आपल्यापुढे ठेवते.

जन्म व घडण

वालचंदशेठ यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. सौराष्ट्रातून आलेले हे घराणे सोलापुरात कापूस व सावकारीच्या व्यवसायात स्थिरावले होते. वडील हिराचंद नेमचंद हे व्यापारी तर होतेच, शिवाय समाजसुधारक आणि ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक म्हणूनही समाजात त्यांचे आदराचे स्थान होते. मातेचे छत्र मात्र वालचंदशेठांना जन्मानंतर लवकरच गमवावे लागले. सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण करून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. पण पदवी न घेताच घरी परतले.

घरची पेढी चालविणे हा त्यांच्यापुढील सरळ मार्ग होता. तो त्यांना मानवला नाही. रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल व धडाडी असा हा योग जुळून आला. सावकाराचा मुलगा माती, दगड आणि रूळ यांच्या व्यवहारात उतरला तो कायमचाच. पुढे १९२० मध्ये टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन या कंपन्या उभ्या राहिल्या. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी पुरविणारी तानसा जलवाहिनी, सिंधू नदीवरील कलाबाग पूल ही या काळातील कामे भारतीय ठेकेदाराच्या कर्तृत्वाची साक्ष देतात.

सातासमुद्रापलीकडचा समवयस्क

योगायोग असा, की त्याच १८८२ साली अमेरिकेत हेन्री कैसर या उद्योजकाचा जन्म झाला. कैसर हेही रस्त्यांचे ठेकेदार म्हणून पुढे आले, हूवर धरण बांधणाऱ्या समूहात सामील झाले, दुसऱ्या महायुद्धात जहाजे बांधू लागले आणि युद्ध संपताच मोटारींच्या धंद्यात उतरले. दोघांच्या आयुष्याचा क्रम थक्क करावा इतका सारखा आहे. फरक होता तो मागे उभ्या असलेल्या राज्यसत्तेचा.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, पोलाद आणि खनिज तेल यांच्या बळावर प्रचंड कारखानदारी उभी राहिली होती. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांनी सरकत्या जोडणीपट्ट्यावर मोटार तयार करण्याची पद्धत सुरू केली आणि मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. तेथील सरकारने परदेशी मालावर जकात बसवून स्वदेशी उद्योगाला दीर्घकाळ संरक्षण दिले. भारतात मात्र राज्यकर्तेच परदेशी होते. येथे कारखाना काढू पाहणाऱ्यास बाजाराशी झगडावे लागे आणि सरकारशीही.

समुद्रावरील झुंज

या झगड्याचा पहिला मोठा प्रसंग जहाज व्यवसायात आला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले. युद्धकाळात ते रुग्णालय जहाज म्हणून वापरले गेले होते. वालचंदशेठ यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन करून ते घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आज ५ एप्रिल हा दिवस देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासाच्या स्मरणार्थ.

प्रस्थापित ब्रिटिश कंपन्यांनी या नवख्या कंपनीला बुडविण्यासाठी माल वाहतुकीचे दर तोट्यात जाऊनही खाली आणले. शिवाय, जो व्यापारी आपला सर्व माल केवळ त्यांच्याच जहाजांतून पाठवील, त्याला भाड्याचा काही भाग काही काळाने परत मिळे. एकदा जरी दुसऱ्याचे जहाज वापरले, तरी ती साठलेली रक्कम बुडे. ज्याने आयुष्य दुकानात घालविले आहे, त्याला या युक्तीची धार सांगावी लागणार नाही. ‘लॉयल्टी’ जहाज तर तोट्यामुळे १९२३ मध्ये मोडीत निघाले. त्याच वर्षी सिंधिया कंपनीला दहा वर्षांचा एक जाचक करार स्वीकारावा लागला. जहाजांच्या वाढीवर मर्यादा आली, प्रवासी वाहतुकीची दारे बंद झाली. परंतु कंपनी टिकली. नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंदशेठ तिचे अध्यक्ष झाले आणि दोन दशके त्यांनी तिची धुरा वाहिली. दरम्यान १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि १९३२-३३ मध्ये फिक्की या अखिल भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्षपदही भूषविले.

नीरेच्या खोऱ्यात

१९२९ मध्ये अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला आणि साऱ्या जगावर मंदीचे सावट पसरले. शेतमालाचे भाव घसरले. त्याच मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, भारतातील साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशात साखर कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. वालचंदशेठ यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे ऊसशेती आधीच सुरू केली होती. तेथे १९३३ मध्ये कारखाना उभा राहिला. पाठोपाठ इंदापूर तालुक्यात कळंब येथे, मार्सलँड प्राइस या १९०८ साली स्थापन झालेल्या व पुढे त्यांच्या समूहाकडे आलेल्या कंपनीच्या नावे, दुसरा कारखाना निघाला. तेच आजचे वालचंदनगर.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला होता. परंतु पाणी आले म्हणजे समृद्धी आली, असे होत नाही. माळ सपाट करणे, पाण्याचा निचरा करणे, हिवतापाशी लढणे, कामगारांसाठी वस्ती उभारणे ही सारी कामे या ओसाड भागात करावी लागली. पुढे याच गावात साखर कारखान्यांना लागणारी यंत्रे तयार होऊ लागली. यंत्रे बनविण्याच्या या परंपरेतूनच वालचंदनगरच्या उद्योगाने अणुऊर्जा आणि अवकाश संशोधन कार्यक्रमांसाठीही अवजड सामग्री पुरविली.

याची दुसरी बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. कारखान्याच्या उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खंडाने घेण्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीन धारणा कायद्याने या जमिनी राज्य शेती महामंडळाकडे गेल्या आणि मूळ मालकांच्या वारसांना त्या परत मिळाव्यात, यासाठी खंडकरी शेतकऱ्यांचा लढा अनेक दशके चालला. इंदापूर तालुक्यातील कित्येक घरांना वालचंदनगरने रोजगार दिला. कित्येक घरांत सातबाऱ्याची सलही राहिली. दोन्ही गोष्टी सत्य आहेत.

विमान, जहाज आणि मोटार

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा वालचंदशेठ मोटार कारखान्याच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेस निघाले होते. भारतात मोटार उद्योग असावा, ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात हिरिरीने मांडली होती. फोर्ड कंपनीकडून प्रतिसाद मिळाला नाही. क्रायस्लर कंपनीशी मात्र करार जुळला. याच दौऱ्यात विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी भेट झाली. पॉली यांचा चीनमध्ये विमानांचा कारखाना होता. असा कारखाना भारतात का नसावा, हा विचार तेथेच रुजला.

म्हैसूर संस्थानाने सहकार्याचा हात पुढे केला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये भारत सरकारने २५ लाख रुपये घालून एक तृतीयांश वाटा घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येथे जोडलेले पहिले प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. अहिंसेचा संस्कार असलेल्या घरातील पुरुषाने युद्धोपयोगी विमानांचा कारखाना काढावा, याचे कुणास नवल वाटेल. परंतु आपल्या शास्त्रकारांनी संकल्पी हिंसा आणि विरोधी हिंसा यांत भेद केला आहे. गृहस्थ श्रावकाला पहिलीचा त्याग सांगितला. स्वसंरक्षणार्थ घडणाऱ्या दुसरीचा त्याग त्याच्यावर बंधनकारक केला नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि युद्ध भारताच्या दारात आले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदशेठ यांचा हिस्सा विकत घेऊन विमान कारखाना आपल्या ताब्यात घेतला. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाकडे सोपविण्यात आला आणि युद्ध संपेपर्यंत तेथे त्यांच्या विमानांची दुरुस्ती होत राहिली. जहाजबांधणीचीही तीच गत. विशाखापट्टणम येथील गोदीची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. एप्रिल १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम खोळंबले. मोटार कारखान्याला तर सरकारने युद्धकार्यास उपयुक्त नाही म्हणून पाठबळच दिले नाही.

त्याच वर्षांत अमेरिकेत काय घडत होते? तेथील सरकार उद्योजकांना आगाऊ मागण्या आणि भांडवल देत होते. मोटारींचे कारखाने बॉम्बफेकी विमाने बनवीत होते. २,७०० हून अधिक ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजे तेथे बांधली गेली. कैसर यांच्या गोदीत तर नोव्हेंबर १९४२ मध्ये एक जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले. या युद्धातून अमेरिका जगातील अग्रगण्य औद्योगिक सत्ता म्हणून बाहेर पडली. कर्तबगारी दोन्हीकडे होती. एकीकडे तिला सत्तेचे बळ मिळाले, दुसरीकडे तिला सत्तेची वाट पाहावी लागली.

उत्तरायुष्य

युद्ध संपत आले तेव्हा, १९४४ मध्ये, प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी अखेर स्थापन झाली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ला येथून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच कारखान्याची फियाट बनावटीची गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अनेक दशके धावली. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे विशाखापट्टणमच्या गोदीतील पहिले जहाज पाण्यात सोडण्यात आले. स्वतंत्र भारताच्या दृष्टीने तो सोन्याचा दिवस होता.

वालचंदशेठांच्या वाट्याला मात्र हे सुख फार काळ आले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी सिंधिया कंपनीची जबाबदारी सोडली. १९५२ मध्ये विशाखापट्टणमची गोदीही प्रामुख्याने सरकारच्या मालकीची झाली. या दुखण्याच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची निष्ठेने शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे उद्योगांची धुरा बंधूंनी व त्यांच्या पुढील पिढीने वाहिली. १९५५ मध्ये सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आणि २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

ताळेबंद

खतावणीच्या हिशेबाने पाहिले तर या जीवनात नुकसानीच्या नोंदी थोड्या नाहीत. पहिले जहाज मोडीत गेले, विमान कारखाना गेला, गोदी गेली. वालचंदशेठ काही विरक्त साधू नव्हते. नफा त्यांना हवा होता आणि जोखीम घेताना ते मागेपुढे पाहत नसत. तरीही कारखाना हातातून गेला म्हणून त्यांनी नवा कारखाना काढण्याचे थांबविले नाही. जो विमान कारखाना त्यांच्याकडून घेण्यात आला, तोच १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स या विशाल संस्थेत विलीन झाला आणि देशाच्या हवाई दलाचा आधार बनला. विशाखापट्टणमची गोदी जहाजे बांधत राहिली. मालकीच्या रकान्यात जे वजा झाले, ते देशाच्या खात्यात जमा झाले.

आपल्या समाजाला व्यापार नवा नाही. पेढी सांभाळणे, उधारी वसूल करणे, वडिलोपार्जित धंदा वाढविणे यांत आपण कुशल आहोत. वालचंदशेठ यांनी या कौशल्याला एक पाऊल पुढे नेले. तयार माल विकण्याऐवजी माल तयार करण्याचे, आणि जे देशात कधी बनलेच नव्हते ते बनविण्याचे धाडस त्यांनी केले. नीरेचे पाणी आजही त्यांच्या नावाच्या गावाजवळून वाहते. त्या काठाने जाताना तरुण पिढीने क्षणभर थांबून या पुरुषाचे स्मरण करावे. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.