रखमाबाई : संमती कोणाची?

स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार गुरुग्राम येथे अन्यभाषिक विद्यार्थ्यांबरोबर वाचत असताना 16व्या कलमापाशी थांबावे लागले. आपल्या मुक्त व पूर्ण संमतीनेच विवाहबद्ध होणे हा स्त्रीचा पुरुषाच्या बरोबरीचा हक्क होय, असे ते कलम मानते. मराठी वाचकाला येथे डॉ. रखमाबाई आठवल्यावाचून राहत नाहीत.

त्यांचा जन्म मुंबईस 22 नोव्हेंबर 1864 रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर निवर्तले. सुतार ज्ञातीत विधवाविवाहास मुभा असल्याने आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. तथापि त्या माहेरीच राहिल्या, वाचीत राहिल्या, आणि पुढे नांदावयास जाण्याचे त्यांनी स्पष्टपणे नाकारले.

1884 साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. न्या. पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. अजाण वयात लग्न लागलेल्या, पतीच्या घरी कधीही न नांदलेल्या स्त्रीला बळाने तेथे धाडण्यास ते तयार नव्हते. अपिलात प्रकरण उलटले, आणि मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी महिन्याभरात नांदावयास जावे, न गेल्यास सहा महिने कारावास, असा निर्णय दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. येथील विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. 'केसरी'सह सनातन पक्ष ज्या उपायाचा धर्मरक्षणार्थ पुरस्कार करीत होता, तो धर्मशास्त्रातला नव्हेच; तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आलेला होता. खुद्द इंग्लंडने तर 1884 मध्येच त्यातील तुरुंगवास रद्द केला होता.

साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. बालविवाहावरील त्यांची जी पत्रे 1885 साली गाजली ती 'टाइम्स ऑफ इंडिया'त, इंग्रजीत, एक हिंदू स्त्री एवढ्याच स्वाक्षरीने आली. मायबोलीतल्या समाजाशी भांडण, आणि ते परभाषेत, निनावी!

जुलै 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. 1889 मध्ये रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली.

आता पुन्हा त्या कराराकडे. 1979 साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या या करारावर भारताने 1980 मध्ये स्वाक्षरी केली व 1993 मध्ये त्यास मान्यता दिली. मात्र 16व्या कलमापुरते, कोणत्याही समाजाच्या खाजगी व्यवहारात त्या समाजाच्या पुढाकारावाचून व संमतीवाचून हस्तक्षेप न करण्याचे आपले धोरण राहील, असे घोषित केले. कलमातली संमती विवाह करणाऱ्या स्त्रीची, घोषणेतली समाजाची. शब्द एकच असला तरी त्याचा धनी बदलला. रखमाबाईंच्या विरोधकांचे म्हणणे याहून फारसे निराळे नव्हते. ज्ञातीच्या चालीरीतींत सरकारने पडू नये, हेच ते होते.

10 डिसेंबर 1948 रोजी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने विवाहातील उभयतांच्या संमतीचे तत्त्व उद्घोषित केले, तेव्हा रखमाबाई 84 वर्षांच्या होत्या. मे 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या 9व्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा तोच जुना उपाय, पतिपत्नी दोघांनाही खुला असा, ठेवण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ते कलम वैध ठरविले. रखमाबाईंचे निधन त्या कायद्यानंतर चारच महिन्यांनी, 25 सप्टेंबर 1955 रोजी झाले.