कु. कॉर्नेलिया सोराबजी, बी. सी. एल.

राजूरहून कळसूबाईच्या रांगेपलीकडे उतरले की नाशिक जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरी, दि. 15 नोव्हेंबर 1866 रोजी, रेव्ह. सोराबजी खरसेटजी यांच्या घरी जी कन्या जन्मास आली, तिचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व विशेषेकरून विद्यार्थिनींस असावा, म्हणून हा अल्प प्रयत्न आहे.

रेव्ह. सोराबजी जन्माने पारशी. ख्रिस्ती झाल्यावर ते नाशिकच्या मिशनकार्यात पडले. मातोश्री फ्रान्सिनाबाई यांनी पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल चालविले. घरात मुलींचाच भरणा फार. परंतु मुलगी म्हणून कोणाच्याही शिक्षणात काटकसर झाली नाही. कॉर्नेलियाबाई लहान असताना एक गुजराथी विधवा रडत त्यांच्या आईकडे आली. तिची मालमत्ता पाहणाऱ्या कारभाऱ्याने तिची सही घेऊन तिला नागविले होते. सांत्वनापलीकडे तिच्यासाठी काही करता येईना. अशा बायांना साहाय्य करावयाचे असेल तर कायदा शीक, असे आईने मुलीस सांगितले, व ते मुलीच्या मनात कायमचे राहिले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिरल्या तेव्हा तेथे दुसरी विद्यार्थिनी नव्हती. वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर लावून घेण्याइतका उद्दामपणा काही सहाध्यायांनी केला. तरी 1887 साली त्या पदवीच्या परीक्षेत मोठ्या नावाने उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. पण ती स्त्रीला देता येत नाही असे ठरले. मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविले. इकडे लेडी हॉबहाऊस यांनी इंग्लंडात वर्गणी जमविली, तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. या लेडी हॉबहाऊसचे पती हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होऊन गेलेले व समन्यायाच्या न्यायालयात वकिलीने नावाजलेले गृहस्थ होते. 1889 साली बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. बेलियल कॉलेजचे अध्यक्ष जोवेट यांनी त्यांची बाजू घेतली आणि बी. सी. एल. या कायद्याच्या वरच्या पदवीचा अभ्यास त्यांनी आरंभिला.

इंग्रजी कायदा म्हटला की त्यात समन्याय, म्हणजे ज्याला वकील लोक इक्विटी म्हणतात तो विषय आलाच, आणि समन्यायाचा गाभा म्हणजे विश्वस्तांचा कायदा. तो काय आहे हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण बाईंचे पुढील आयुष्य त्यावाचून उलगडत नाही. इंग्लंडात पूर्वी दोन तऱ्हांची न्यायालये असत. एक कायद्याच्या अक्षरावर चालणारे. दुसरे चॅन्सेलरचे, तेथे मनुष्याच्या सदसद्विवेकाला हात घातला जाई. असे समजा की, मरणोन्मुख बापाने आपली भाताची खाचरे धाकट्या भावाच्या नावे करून दिली, आणि मुलगा वयात येईपर्यंत पीक त्याच्या पोषणाकडे व शिक्षणाकडे लावावे व मग जमीन त्याच्या स्वाधीन करावी, असे भावाकडून कबूल करून घेतले. पुढे काकांची बुद्धी फिरली. पहिल्या न्यायालयाने कागद पाहिला असता, काकांचे नाव वाचले असते आणि पोराला परत पाठविले असते. चॅन्सेलर कागदावरचे नाव खोडीत नसे. जमीन तुमच्या हाती असली तरी तिचे सुख तुमचे नव्हे, असे तो काकांना बजावी, आणि न ऐकल्यास तुरुंगाची वाट दाखवी. यातूनच नियम निघाले: विश्वस्ताने हिशेब ठेवावा, आपला पैसा व ठेवीचा पैसा एकत्र करू नये, ठेवीतून स्वतःचा लाभ काढू नये. 1875 पासून तेथील दोन्ही तऱ्हांची न्यायालये एक झाली, पण नियम राहिले. आपल्याकडे 1882 च्या कायद्याने ते लेखी आले. पालकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या कायद्याप्रमाणे जमिनीचा विश्वस्त तोंडी बोलण्याने नेमता येत नाही, लेख व नोंदणी लागते. भाऊबंदकीतील कितीतरी रडकथा या एका कागदावाचून घडतात.

ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी बाईंना सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी दिली. 1892 साली परीक्षेची वेळ आली, तेव्हा पुरुषांबरोबर स्त्रीला बसू द्यावे की नाही हाच प्रश्न उभा राहिला, व विद्यापीठाला त्यासाठी खास ठराव करावा लागला. त्या तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नसे. मथळ्यात आम्ही जी अक्षरे त्यांच्या नावापुढे लिहिली आहेत, ती लावण्याचा अधिकार त्यांना 1922 साली, म्हणजे तीस वर्षांनी, प्राप्त झाला.

स्वदेशी परतल्यावर 1897 साली मुंबईची एल्एल. बी. व 1899 साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा, अशा दोन्ही त्यांनी दिल्या. सनद नाहीच. काही संस्थानांत तेवढी कामे मिळत. त्यांपैकी एक मौजेचे आहे. एका हत्तीच्या निर्वाहासाठी दिलेली केळीची बाग राजाने काढून घेतली होती. बाई हत्तीतर्फे उभ्या राहिल्या, आणि न्याय देणारा तोच राजा! त्याच्या कुत्र्याने बाईंशी सलगी केली, एवढ्यावरून त्याने बाग परत दिली. खटला जिंकला खरा, पण अशा जिंकण्याने बाईंना समाधान झाले असेल असे आम्हांस वाटत नाही. राजाच्या लहरीवर न्याय अवलंबून असू नये, हेच तर त्या शिकून आल्या होत्या.

खरे काम त्यांना 1904 साली लाभले. बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचे सरकारी खाते असे. जमीनदार मरण पावला, वारस अज्ञान असला किंवा विधवा पडद्यात असली, म्हणजे हे खाते त्या इस्टेटीचा कारभार पाही. परंतु पडद्यातील बाईला परपुरुष वकिलाशी बोलता येत नसे. तिचे म्हणणे दारापलीकडे जाई ते कारभाऱ्याच्या किंवा दिराच्या तोंडून, आणि पुष्कळदा तिला लुबाडणारा तोच असे. बाईंना या खात्याच्या कायदेविषयक सल्लागार नेमण्यात आले. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा मुलूख. रेल्वे, होडी, पालखी, जे मिळेल त्याने त्या वाड्यावाड्यांत जात, विधवेचे बोलणे तिच्याच तोंडून ऐकत, तिचा तनखा तिच्या हाती पडतो का हे पाहत, मुलांच्या शाळेची व औषधपाण्याची तजवीज करीत. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांचे साहाय्य पोहोचले असे सांगतात. नाशिकच्या मुलीला जी विधवा पाहून काही करता आले नव्हते, तशा शेकडोंचे हिशेब आता तिने तपासले.

अलाहाबाद हायकोर्टाने 1921 साली त्यांना सनद दिली. 1923 च्या कायद्याने सर्वच स्त्रियांचा मार्ग मोकळा झाला. 1924 पासून त्यांनी कलकत्त्यास वकिली केली, परंतु पुरुष वकिलांच्या पूर्वग्रहामुळे त्यांच्या वाट्यास बहुधा लेखी सल्ल्याचेच काम आले. वयाची साठी तेव्हा जवळ येत चालली होती.

यापुढील गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते, पण ती गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाई इंग्रजी राज्याच्या पक्क्या अभिमानी होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना मान्य नव्हती, आणि 1927 साली मिस मेयो यांचे हिंदी लोकांची निंदा करणारे पुस्तक निघाले, तेव्हा त्यांनी त्याची कड घेतली. लोक त्यांना दुरावले. ज्या स्त्रियांसाठी त्या झिजल्या त्यांच्या संस्थाही दुरावल्या. आम्हांस यात एक विसंगती दिसते. मुलगा वयात आला की एक दिवसही न थांबता इस्टेट त्याच्या स्वाधीन करून हिशेब द्यावा लागतो, हा नियम त्यांनी कित्येक घराण्यांतून कसोशीने पाळून घेतला. देश वयात आला आहे, हे मात्र त्यांना कधी पटले नाही. विश्वस्ताला आपण विश्वस्त असल्याचा विसर पडतो तो बहुधा वाईट हेतूने नव्हे, सवयीने पडतो. बाईंना इंग्रज सरकारच्या बाबतीत ते दिसले नाही.

1929 साली निवृत्त होऊन त्या लंडनास राहिल्या. 1934 साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. दि. 6 जुलै 1954 रोजी त्या तेथेच निवर्तल्या. 2012 साली लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. तो पाहणे आमच्या मुलांना कठीण. परंतु पुण्यास जाणे झाले तर त्यांच्या भगिनी सुसीबाई यांनी स्थापिलेली सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा पाहून यावी.