डॉ. जॉन विल्सन

मित्रांनो, शिरोडा, वेंगुर्ले, मालवण ही गावे तुम्ही नकाशावर पाहिली असतील. याच कोकण किनाऱ्याने उत्तरेकडे गेले, की हर्णै आणि बाणकोट लागते. १८२९ मध्ये एक तरुण पाद्री पत्नीसह तेथे राहिला होता. तो तेथे मराठी शिकत होता! त्याचे नाव जॉन विल्सन.

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेऊन ते धर्मप्रसारासाठी मुंबईला आले. लोकांशी बोलायचे तर त्यांची भाषा यायला हवी, हे त्यांनी ओळखले. मराठीबरोबर ते गुजराती, हिंदुस्थानी, फारसी आणि संस्कृतही शिकले.

त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. मुलींना शिकवणे त्या काळी सोपे नव्हते. १८३५ मध्ये त्या वारल्या, तरी मुलींचे शिक्षण थांबले नाही. १८३२ मध्ये विल्सन यांनी आंब्रोली येथे इंग्रजी शाळा सुरू केली. तिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले.

पण शाळेवर एक मोठे संकट आले. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शहरात खळबळ उडाली. प्रकरण न्यायालयात गेले. आपली मुले आपल्यापासून दुरावतील, अशी पालकांना भीती वाटली आणि ती निराधार नव्हती. अनेकांनी मुलांची नावे शाळेतून काढली. वर्ग ओस पडले. विल्सन यांनी धर्मप्रसार सोडला नाही आणि शाळाही बंद केली नाही. हळूहळू मुले परत येऊ लागली.

विल्सन यांना इतिहासाचीही आवड होती. गिरनारच्या खडकावरील लेखाची प्रत त्यांनी कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचवण्याची व्यवस्था केली. सम्राट अशोकाचा तो लेख वाचण्यास तिची मदत झाली. आफ्रिकेतून आलेला चुमा नावाचा मुलगा त्यांच्याच शाळेत शिकला. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले, तेव्हा याच चुमाने सोबत्यांसह त्यांचा देह दूरच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६८ मध्ये विल्सन त्याचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

विल्सन यांची सर्व मते आपल्याला पटतीलच असे नाही. त्यांच्या काळातही अनेक पंडितांनी आणि मौलवींनी त्यांच्याशी वाद घातले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. विद्यापीठाचे कुलगुरू झालेला हा माणूस आधी कोकणात मराठीची मुळाक्षरे गिरवायला बसला होता. तुमच्या हातातही आज मराठीचेच पुस्तक आहे, नाही का?