पोरका भाचा आणि पांजरापोळ

मुंबईत ‘जे. जे.’ म्हटले की कुणाला रुग्णालय आठवते, कुणाला कलाशाळा, तर टॅक्सीवाल्याला उड्डाणपूल. या दोन अक्षरांमागचा माणूस भुलेश्वरच्या एका गजबजलेल्या गल्लीतही भेटतो. तिथे त्याने माणसांसाठी नव्हे, तर जनावरांसाठी छप्पर उभे केले. सर जमशेटजी जिजीभाईंच्या दानधर्माच्या खतावणीत ही नोंद लहान दिसते. मला मात्र तीच फार बोलकी वाटते.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. घरची स्थिती बेताची. १७९९ मध्ये आई आणि वडील दोघेही गेले. मुंबईला मामा होते, फ्रामजी नसरवानजी. त्यांनी या पोरक्या भाच्याला आपल्याकडे ठेवून घेतले. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा. तिथेच भाच्याने व्यापाराचे पहिले धडे गिरवले आणि ‘बाटलीवाला’ ही ओळखही तिथूनच चिकटली. पुढे १८०३ मध्ये मामांच्या मुलीशी, आवाबाईंशी त्याचे लग्न झाले. कुणीतरी दार उघडले म्हणून हे आयुष्य उभे राहिले, एवढे इथे लक्षात ठेवायचे.

मग चीनच्या सफरी सुरू झाल्या. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज पकडले आणि त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेऊन सोडले. जवळ काही उरले नव्हते. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाच्या डॉक्टरची ओळख झाली होती. पुढे हा डॉक्टर चीनच्या व्यापारातला बडा असामी झाला आणि जमशेटजी त्याचे भागीदार. कापूस आणि अफू या दोन मालांवर त्यांची संपत्ती उभी राहिली. यातल्या अफूने चीनमध्ये किती घरे उद्ध्वस्त केली, हे इतिहासाला ठाऊक आहे. जमेची बाजू लिहिताना नावेची बाजू झाकू नये, ही बँकेतल्या नोकरीने लावलेली सवय. म्हणून हेही इथे लिहायला हवे.

१८३२ साल उजाडले तेव्हा जमशेटजी शहरातल्या अग्रगण्य व्यापाऱ्यांपैकी एक होते. उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी नियम मुंबईत आधीपासूनच होता. त्या वर्षी मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशाच्या लोभाने मारेकरी पाळीव कुत्र्यांनाही सोडीनात. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. अंत्यविधीतही त्याची हजेरी लागते. ६ जून या दिवशी कोटात लोक खवळले आणि कुत्री मारणाऱ्यांना त्यांनी चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, लष्कराच्या छावणीची रसद अडली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात होते. शेवटी फौज आली, धरपकड झाली.

अशा वेळी पैसेवाल्या माणसाला गप्प बसणे सोयीचे असते. सरकारशी व्यवहार आणि जमातीत मान, दोन्ही सांभाळायचे असतात. जमशेटजींनी इतर प्रतिष्ठितांसह सरकारकडे अर्ज केला. पण केवळ अर्जाने प्रश्न सुटत नव्हता. कुत्री मारायची नाहीत, तर ती ठेवायची कुठे?

त्याचे उत्तर १८३४ मध्ये आले. जमशेटजी आणि अमिचंद शहा यांनी मुंबईचे पांजरापोळ स्थापन केले. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून घेतली. एकट्याच्या देणगीवर अशी संस्था फार दिवस चालत नाही, हे या व्यापाऱ्याला कळत होते. सुरुवात कुत्र्यांपासून झाली. त्यांना दूध हवे म्हणून गायी आल्या, असे सांगतात. कालांतराने गायीच मुख्य झाल्या.

पुढचे आयुष्य सर्वांना माहीत आहे. १८४२ मध्ये ‘सर’ ही पदवी, तीही हिंदी माणसाला प्रथमच. १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी आवाबाईंच्या पैशातून बांधलेला माहीमचा रस्ताही खुला झाला. १८५७ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी आली, कलाशाळाही त्याच वर्षीची. १४ एप्रिल १८५९ रोजी जमशेटजी गेले.

पांजरापोळ टिकले आणि तो जुना प्रश्नही टिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो बदलला. वाद ऐकताना मला १८३२ ची मुंबई आठवत होती. जो तो निवाऱ्याबद्दल बोलत होता. घराबद्दल फार थोडे.

निवाऱ्यात जनावर येण्याचे दार असते, तसे जाण्याचेही असावे लागते. बँकेत शिल्लक वाढली की आम्ही खूष होत असू. निवाऱ्यात शिल्लक वाढणे हे अपयश. पिंजरे भरले की पुढच्या जखमी पिलाला जागा उरत नाही. म्हणून दत्तक घेणारे हवेत, आणि ज्यांना ते झेपत नाही त्यांनी महिना-पंधरा दिवस तरी सांभाळावे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या निवाऱ्यातून पाय मोडलेली एक कुत्री आम्ही अशीच तीन आठवडे ठेवली. सौ. आधी नाराज होती. कुत्री दुसऱ्या कुटुंबात गेली त्या संध्याकाळी तिचीच जेवणावरची वासना उडाली. पण निवाऱ्यातला एक पिंजरा रिकामा झाला होता आणि त्यात दुसऱ्याच दिवशी दुसरे कुत्रे आले.

जमशेटजींनी मुक्या जनावरांना छप्पर दिले, ते श्रीमंतीच्या बळावर. पण त्यांच्या मामांनी बाटल्यांच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या घरात एक ताट वाढवले होते. पहिले काम थोड्यांनाच जमेल. दुसऱ्यासाठी स्वयंपाकघरात एक वाटी आणि दाराशी एक गोणपाट पुरते.